बेचाळीस सोलं

साखळीच्या तिठ्यावर फोंडू अजून विचारतो,
"उल्हासबाब, तुम्ही त्या शहरात गेला होता ना?
तिथं म्हणे कुणी बोलत नाही?"
बोलतात, मी म्हणतो.
आपल्यापेक्षा हळू, एवढंच.

सत्त्याऐंशी साली कंपनीनं पाठवलं होतं.
खाणीतल्या मातीचे सहा नमुने, डब्यांत सीलबंद,
त्यांच्या प्रयोगशाळेत माझ्यासमोर तपासायचे होते.
परमुलखात पोटाचा भरवसा नाही म्हणून
शशिकलानं बॅगेत सोलांची पुडी कोंबली.

विमानतळावर अधिकाऱ्यानं ती उघडली.
काळं, ओलसर, सुरकुतलेलं
त्याच्या यादीत कुठंच बसेना.
शेवटी कोऱ्या कागदावर पसरून
एकेक मोजलं. लिहिलं: बेचाळीस.
"जाताना दाखवायची."
"आणि खाल्ली तर?"
माझा हा प्रश्न दुभाष्यानं
पलीकडे पोचवलाच नाही.

शहर सुंदर होतं. हे आधी सांगतो,
कारण फोंडूला ते आवडत नाही.
रस्ते इतके रुंद की आमची साखळी
बाजारासकट आडवी झोपली असती.
झाडांना चुना, सगळ्यांना एकाच उंचीपर्यंत.
नदी दगडी काठांमधून मुकाट चाललेली;
मला वाळवंटी आठवली,
तिच्यात कायम कुणीतरी गुडघाभर उभं असतं.
रात्री दहाला सगळ्या खिडक्या एकदम विझत,
एकाच माणसानं डोळा मिटावा तशा.

माझ्या बुटांतून मात्र खाण गळत होती.
संगमरवरी पायऱ्यांवर तांबडी पावलं,
आणि मागून फडकं घेतलेली एक बाई,
मी थांबलो की थांबणारी.

दुभाष्याचं नाव सांगत नाही. असेल अजून.
त्याचं इंग्रजी पुस्तकातलं, माझं खाणीतलं.
"तुमच्या गावात संध्याकाळी लोक काय करतात?"
सोप्यावर बसतात.
"कोण बसवतं?"
कुणी नाही. रस्ता बघत बसतात.
"रस्त्यावर काय असतं?"
काहीच नसतं.
हे त्यानं वहीत खूप वेळ लिहिलं.

चौथ्या दिवशी हॉटेलची लिफ्ट
दोन मजल्यांच्या मध्ये अडकली.
मिट्ट काळोख. त्याचा श्वास, माझा श्वास.
मग अगदी हळू:
"ते काळं फळ. एक मिळेल?"
मी चाचपडत त्याच्या तळव्यावर ठेवलं.
चोखल्याचा आवाज आला, लहान मुलाचा असतो तसा.
आणि अचानक दिवे आले.
एक डोळा मिटलेला, गाल आत ओढलेले,
ओठ कुठल्या कुठे.
चार दिवसांत पहिल्यांदा
तो चेहरा त्याच्या ताब्यात नव्हता.
मी लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिलो.

परतताना तोच अधिकारी, तोच कोरा कागद.
एक्केचाळीस.
पुन्हा मोजली.
दुभाषी भिंतीवरचं घड्याळ बघत होता,
ते बंद होतं.
अधिकाऱ्यानं वर पाहिलं नाही.
पेन उचललं, दोन आकडे काढले,
मला उलटे दिसत होते तरी वाचता आले: बेचाळीस.
शिक्का मारला.
बोटाला लागलेलं मीठ
त्यानं पँटला पुसलं की जिभेला लावलं,
तेवढं बघायला मी थांबलो नाही.

नमुने नापास झाले. लोखंड कमी भरलं.
आता खाणही बंद आहे, तळाशी हिरवं पाणी.
फोंडू म्हणतो, "म्हणजे तुम्ही आणलंत काय शेवटी?"
मी सोड्याचा पेला पालथा घालतो.

मे महिना. गच्चीवर सोलं वाळताहेत.
शेजारचा यतीन येता-जाता
एक तोंडात टाकतो,
आणि त्याचं तोंड असं होतं, असं,
की मला जिन्याचा कठडा धरावा लागतो.
खालून शशिकला ओरडते,
"बघा हो, कमी झालीत का?"
मी मोजतो.
पुन्हा मोजतो.
"आहेत," म्हणतो, "सगळी आहेत."