नऊ व्होल्ट

बुप्योंगमध्ये मला सगळे किल्लीवाला म्हणतात,
किल्ली शेवटची कधी घासली ते आठवत नाही.
आता नुसते आकडे. बोटं.
जिन्याजिन्यात माझा नंबर चिकटवलेला;
लोक नखांनी खरवडतात, मी पुन्हा चिकटवतो.

काल चौथ्या मजल्यावर बोलावलं. लिफ्ट नाही.
मेंग बुन-ई, सत्तरीच्या पुढची,
दोन्ही हातांत फडक्यात बांधलेले डबे.
"मुलाचं घर. आकडे बिघडलेत."
आकडे कसे बिघडतील, बाई,
हे मी मनातच म्हटलं.

नियम आहे : ज्याचं घर त्याचं ओळखपत्र,
नाहीतर कुलपाला हात लावायचा नाही.
एकदा लावला होता, एका रडणाऱ्या नवऱ्यासाठी.
दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोची बहीण दुकानात आली.
तेव्हापासून कानाला खडा.

पण बघायला काय जातं.
टॉर्च तिरपा धरला.
शून्य, एक, चार, सहा :
या चार बटणांवरचे आकडे झिजून पांढुरके झालेले,
सात-आठ वर्षांची बोटं.
आणि तीन, पाच, आठ, नऊ यांवर
ताजा तेलकटपणा, महिनाभराचा असेल, जास्त नाही.
"चौथ्या महिन्याची सोळा," ती म्हणाली, "माझा वाढदिवस.
त्याला दुसरी तारीखच लक्षात राहत नाही."

मी म्हटलं, बॅटरी गेली असणार.
थंडीत जाते.
खोटं बोलताना मी कुलपाकडे बघतो.

तिने डबे खाली ठेवले, पर्स उघडली,
चौकोनी बॅटरी काढली, नऊ व्होल्टची,
औषधाच्या पुडीसारखी कागदात गुंडाळलेली.
त्यानेच दिली होती म्हणे, घर घेतलं तेव्हा :
आई, कधी बंद पडलं तर खाली दोन ठिपके आहेत,
त्यांना टेकव, आणि घाबरू नकोस.

टेकवली. घाबरली नाही.
पॅनल उजळलं (ते आधीही उजळतच होतं).
शून्य चार एक सहा, चांदणी.
टिट् टिट् टिट्.
पुन्हा.
पाचव्यांदा कुलूप बोंबलायला लागलं
आणि समोरच्या दाराच्या भिंगात सावली आली.

"किल्लीवाले," ती म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं?"
मी टॉर्च बंद केला.

एव्हाना त्याच्या फोनवर गेलं असेल.
कुठल्याशा मीटिंगमध्ये, टेबलावर पालथा ठेवलेला,
घूं करत बोटभर सरकला असेल :
दारात कुणीतरी. पाच वेळा चुकलं.
फोटोही गेला असेल, वरून काढलेला,
पांढरा भांग आणि डबे.

"जेवलात का?"
माझा खोटं बोलायचा कोटा संपला होता.
पायरीवर बसलो. सोयामध्ये मुरलेली पेरिलाची पानं,
काळे सोयाबीन, जरा जास्तच गोड,
भात अजून कोमट.
चमचा एकच, तो तिने मला दिला.
जिन्यातला दिवा दर अर्ध्या मिनिटाला विझायचा,
आम्ही आळीपाळीने हात हलवायचो.

असाच एकदा विझलेला असताना
कुलपाने धून वाजवली, उघडताना वाजवतं ती.
आतला दांडा सरकला.
दाराच्या आत कुणी नव्हतं.
कुठून उघडलं ते मला कळलं. तिलाही.

मी गुडघ्यावर हात टेकून उठायला लागलो.
"बसा," ती म्हणाली, "भात गार होईल."

हे मॉडेल मला माहीत आहे.
पाच सेकंदांत कुणी दार ओढलं नाही
तर ते आपलं आपण लागतं.

लागलं.
अंधारातच तिने भातावर पान दुमडलं,
माझ्या चमच्यात ठेवलं,
मग हात हलवला.