एका कुपीने काही होत नाही

या महिन्यात पाच वाचली.
भांडुप संकुलात रात्रपाळी, दर तासाला एक नमुना,
मधल्या पंचावन्न मिनिटांत
माणूस किती वेळ पंपांचं ऐकणार?
कुंपणापलीकडे कधीमधी बिबट्या येतो.
त्याला वाचनाची आवड नाही.

पहिलं जाडजूड, वर रक्ताळलेला हातमोजा.
खून सोळाव्या पानावर, म्हणजे वेळेवर.
इन्स्पेक्टर फार देखणा आणि त्याला दर प्रकरणात कॉफी.
मी एकदा सायकल चोरीला गेल्याची तक्रार दिली होती.
लिहायला पेन माझंच घेतलं
आणि परत दिलं नाही.
खुनी मेहुणा निघतो.
मेहुण्यांवर लेखकांचा एवढा दात का?
मी स्वतः तिघांचा मेहुणा आहे.

दुसरं मंगळावरचं. काचेचा घुमट, चार हजार वस्ती,
आणि पाणी? ‘बर्फ वितळवून’.
एका ओळीत!
गाळणार कोण? तुरटी कुठून? गाळ कुठे टाकणार?
चार हजारांत एकही माणूस म्हणत नाही
की आमच्याकडे प्रेशर नाही.
फेकाफेक.
पण त्या घुमटाखाली एक म्हातारा टोमॅटो लावतो,
पहिला लाल झालेला तोडत नाही,
त्याच्याशेजारी स्टूल टाकून बसतो,
ते पान मी दोनदा वाचलं.
घरतला सांगितलं नाही.

तिसरं लायब्ररीच्या हेमांगीबाईंनी गळ्यात मारलं.
नायक काळात मागे जातो, परत येतो, परत मागे जातो,
सत्तराव्या पानाला कळेना, कोण कोणाचा बाप.
घरत म्हणाला, वंशावळ काढ.
लॉगशीटच्या पाठीवर काढली, बाण, कंस, दोन रंग,
आणि अहाहा, जुळली!
तेव्हा चार वाजले होते
आणि तीनचा नमुना राहून गेला होता.
मागे जायचं यंत्र
खरं तर मला हवं होतं.

चौथ्यात, पान एकेचाळीसवर, समासात
कोणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं: डॉक्टर.
संपलं. आता काय वाचायचं?
तरी वाचलं, डॉक्टरच्या प्रत्येक हसण्यावर दात ओठ खात.
एकशे नव्वदला डॉक्टरच मेला.
खुनी सोसायटीचा खजिनदार,
जे मला पहिल्या पानालाच समजायला हवं होतं.
तो पेन्सिलवाला खोटारडा
की नुसताच उतावळा,
हे मात्र शेवटपर्यंत उलगडत नाही.
पुस्तकातलं सगळ्यात चांगलं रहस्य तेवढंच.

पाचवं.
एक माणूस तलावात कुपी ओततो
आणि सकाळी शहर मरतं.
मी मोठ्याने हसलो.
अहो, रोजचं जवळजवळ चार हजार दशलक्ष लिटर,
त्यात तुमची ती चमचाभर कुपी?
वर क्लोरीन, वर आम्ही.
घरतला उठवून ऐकवलं, तोही हसला, पुन्हा झोपला.

मग पुढचं पान.
तो माणूस कसा, तर पन्नाशीचा,
जाड भिंगांचा चष्मा, डब्यात भेंडी,
रात्रपाळीत पुस्तक वाचतो,
वीस वर्षांत त्याला कोणी नावाने हाक मारलेली नाही.
का केलं, याला लेखकाने दीड ओळ दिली आहे.
दीड ओळ.
मंगळाच्या पाण्यापेक्षा अर्धी जास्त.

चारचा नमुना घेतला.
काचेचं नळकांडं ट्यूबलाइटखाली धरलं,
रोजच्यापेक्षा जरा जास्त वेळ.
काही नव्हतं त्यात. उजेड होता.
नमुना प्यायचा नसतो, तरी प्यालो.

पुस्तक तसं ठीक, शेवट घाईत उरकलाय.
परत देण्याआधी समासात
पेन्सिलीने सगळं गणित मांडून ठेवलंय,
लिटर, मिलिग्रॅम, शून्यं मोजून.
हेमांगीबाई ओरडतील.
ओरडू देत.
पुढचा वाचणारा निदान
मध्यरात्री उठून
घोटभर पाणी पिईल.