मुका मार

कातडी कुठेच फाटली नव्हती.
हर्णैच्या धक्क्यावर उतरला तो चालत उतरला,
टोपली माझ्या हाती दिली,
आणि लिलाव संपेपर्यंत उभाच राहिला.
बसला नाही. तेवढ्यावरून मी ओळखलं.

कप्पी लागली, म्हणाला. कमरेखाली, डावीकडे.
काय नाय गो, मुका मार आहे.

पूर्वाने दप्तर टाकता टाकता विचारलं,
मुका मार म्हणजे मुका घेऊन मारतात?
हसूराम हसला,
आणि हसता हसता कूस धरली.

बर्फाला आमच्या गावात तोटा नाही.
पापलेटांवर पडायची ती लादी फोडून
चुरा पंचात बांधला, वीस मिनिटं धरला, काढला,
पुन्हा धरला.
शेजारची चांगुणा तेल तापवून आली,
रगडून देते, साकळलेलं मोडतं म्हणाली.
मी तिला उंबऱ्यातच थांबवलं.
आत जे फुटलंय ते अजून मिटायचंय, बाई,
ताज्या डांबरावर कोण पाय देतं?

दापोलीच्या डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं,
मशीन फिरवलं, आणि विचारलं, गोळ्या कसल्या चालू आहेत?
दोन वर्षांपूर्वी छातीत कळ आली होती,
तेव्हापासून एक बारीक गोळी, रक्त पातळ राहावं म्हणून.
आपल्या मनाने बंद करू नका, म्हणाल्या,
पण ह्यांचं रक्त सहज थांबायचं नाही, हे ध्यानात ठेवा.
लघवी लाल झाली, पोट कडक झालं,
चक्कर आली, मांडी फुगून दगड झाली,
तर सकाळची एसटी बघू नका. निघा.

त्या रात्री दोनदा
मी त्याच्यामागून मोरीत बॅटरी मारली.
एकोणीस वर्षांच्या संसारात
नवऱ्याचं एवढंच बघायचं राहिलं होतं.
तो चिडला. पिवळंच होतं.
मी देवाचं नाव घ्यायचं विसरले
आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी काहीच दिसेना.
तिसऱ्या दिवशी वर आला,
पिकल्या रातांब्याचा रंग, परातीएवढा.
मला वाटलं होतं तो जागच्या जागी विरेल.
पण तो उतरायला लागला,
कमरेवरून मांडीवर, मांडीवरून गुडघ्यामागे,
जिथे काहीच लागलं नव्हतं तिथे.
रक्तालाही उतार कळतो.

मग आंबेहळद उगाळली, नुसती लावली, चोळली नाही.
कडा हिरवट झाल्या, खडपावरच्या शेवाळागत,
मग पिवळ्या,
आणि एके दिवशी मला सांगता येईना
ह्यातली हळद कुठली आणि मार कुठला.
पूर्वाने मध्येच वाकून तिथे ओठ टेकवले.
दिवसभर पिवळ्या तोंडाने शाळेत बसली.

बाराव्या दिवशी, जाळ्याचं भोक सांधता सांधता,
मान वर न करता तो बोलला.
कप्पीचा दोष नव्हता.
दोर सुटला. माझ्याच हातून.
बोटं मिटलीत असं मला वाटत होतं.
मिटलेली नव्हती.

नाखव्याला सांगू नकोस.

मी सुई ओवून दिली.
मुका होता तो मार, बारा दिवस.

आता घोट्याशी एक फिकट रेघ उरली आहे,
भरती कुठवर आली होती त्याची खूण असते तशी.
मांडीत एक गाठ आहे, सुपारीएवढी,
जाईल म्हणतात, महिन्या-दोन महिन्यांत.
होडी मंगळवारी सुटायची आहे.

आज संध्याकाळी मी त्याला वाडीतल्या विहिरीवर नेलं,
म्हटलं, माझी पाठ धरलीय, तू ओढ.
आणि कठड्याला टेकून
त्याच्या बोटांकडे बघत उभी राहिले.
एक घागर. दुसरी. दोर काही सुटला नाही.
मग तो म्हणाला, भरल्या की दोन्ही.

मी म्हटलं, असू दे. अजून एक ओढ.