तीन बोटं दुमड

वायचळांची घरं तीन.
ताराबाई पार्कातलं सगळ्यांना दाखवायचं.
त्याच्या भिंतीचा रंग ठरायला आठ महिने लागले.
शिरीष म्हणायचा, शेवाळी.
उत्तरा म्हणायची, रंकाळ्याच्या पाण्यावर
संध्याकाळी सहाला असतो तो.
पेंटर बिचारा रोज सहाला रंकाळ्यावर.
मोबाइलात तो रंग येईना, डब्यात तर नाहीच नाही.
शेवटी चुना मारला.
आता येणारा जाणारा म्हणतो,
काय नजर आहे या लोकांची!

दुसरं राजारामपुरीत, दुकानाच्या वर.
तिथं कादंबरीवहिनी बापट कॅम्पातली माती आणून
पेले वळतात. एकही पेला सरळ उभा राहत नाही.
चहा बशीत, बशीतला साडीवर.
पण साडी अशी नेसतात
की डागसुद्धा मुद्दाम काढल्यासारखा दिसतो.
शिरीष हुपरीहून चांदीची बटणं घडवून आणतो,
कुयरीची, तांदळाएवढ्या देठाची.
ती लावते मी.
सव्वीस वर्षं काज-बटण करते मी यांच्याकडं,
बटणाचं वजन बोटाला कळतं,
आणि माणसाचंही थोडंफार.

तिसरं घर गंगावेशीत. दहा बाय बारा.
तिथं कुणी राहत नाही,
एक पायाची मशीन तेवढी राहते.
मुलाखतीत त्याचं नाव निघत नाही.
दोघंही भावंडं तिथं कटिंग टेबलाखाली
चिंध्यांवर झोपून मोठी झाली,
आणि वर दिनकर मास्तर
शाळेचे निळे स्कर्ट शिवत होते,
एका जूनमध्ये चारशे.

त्यातला एक माझा.
आई म्हणाली, मास्तर, जरा बघून.
मास्तरांनी बघितलं. माप घेतलं, पेन्सिल कानावर ठेवली,
म्हणाले, तीन बोटं दुमड ठेवतो आत.
पोरगी वाढती हाय.

दर जूनला एक बोट उसवायचं.
वरचं निळं उन्हानं विटलेलं,
खाली ऊन न बघितलेला गडद पट्टा.
तो लपवायला मी दप्तर पुढं धरून चालायची.
पाचवीत एक बोट, सहावीत एक,
सातवीत शेवटचं सोडून आई म्हणाली,
कापड संपलं, आता वाढू नको.

तर यंदा मार्चात उत्तरा आली
निळं हातमागाचं कापड घेऊन.
म्हणाली, मावशी, खाली दुमड घाल, उन्हात टाक,
मग उसव.
गच्चीवर बावीस झगे वाळत.
मी ऊन सरकेल तसे ते सरकवत होते,
कोंबडीनं पिल्लं फिरवावीत तसे.
दोन महिन्यांनी उसवलं, तर तोच पट्टा.
उत्तरानं टाळी वाजवली. हेच! हेच हवं होतं!
किंमत अकरा हजार.
मी विचारलं, हे कुठं बघितलंस गं?
कुणास ठाऊक, म्हणाली, लहानपणी कुठंतरी.

टेबलाखालून काय दिसतं ते मला माहीत आहे.
पोरींचे पाय दिसतात,
आणि स्कर्टची किनार.
मी काही बोलले नाही.
राग आला का? आला असेल.
पण झगा सुंदर होता, खोटं कशाला बोला.

परवा मास्तर आले. आता हात थरथरतो,
पेन्सिल अजून कानावरच.
एक झगा उचलला, पट्ट्यावर अंगठा फिरवला,
मला वाटलं, ओळखतील.
त्यांनी किनार उलटी केली,
आत बघितलं,
परत बघितलं, चष्मा पुसून.
म्हणाले, आत काहीच शिल्लक ठेवलं नाही व्हय?
मग हिनं वाढायचं कसं?

उत्तरा हसली. वहिनींनी
तिरक्या पेल्यात चहा ओतला.
मास्तर किनार हातात धरून बसून राहिले,
आणि माझी अजून सतरा काजं व्हायची होती.