हद्दीचा रकाना

सकाळी सहा पन्नासला केराबाई खांदवे, वय त्रेसष्ट, राहणार धानोरी,
यांच्या पत्र्यावर आभाळातून वस्तू पडली.
थर्माकोलचा पांढरा डबा, त्याला तार,
फाटलेल्या फुग्याचं कांद्याच्या पापुद्र्यासारखं कातडं,
आणि वीस-पंचवीस हात दोरा,
जो वाळत घातलेल्या लुगड्यात गुंतून बसला.
एवढं मी लिहिलं, हवालदार, बक्कल नंबर एकोणीसशे सात,
आणि पेन थांबलं.
पुढचा रकाना हद्दीचा.

आमच्याकडे हे असंच असतं.
कुंपणापलीकडे हवाई दल, धावपट्टी त्यांची.
तिच्यावरून उडणाऱ्या प्रवाशांचे पट्टे नि बूट तपासणारे जवान
केंद्राचे, पण वेगळ्या खात्याचे.
दाराबाहेर आडवी लावलेली रिक्षा तेवढी आमची.
आभाळ कुणाचं, हे नानवीजला शिकवलं नाही.
तिथे आम्ही जमिनीवर कवायत केली.

बॉम्बशोधक पथक आलं. त्यांच्या राणीने डबा हुंगला
आणि ती सरळ चुलीकडे गेली, कालच्या सुकटीच्या वासावर.
शेरा : स्फोटक नाही.
मग आहे काय?
ते आमच्याकडे येत नाही, म्हणाले.

हवाई दलाच्या दोघांनी टेप लावून
कुंपणापासूनचं अंतर मोजलं. एकशे बारा मीटर.
शंभराच्या आत असतं तर बघितलं असतं, म्हणाले,
आणि टेप गुंडाळताना मला ते सुटल्यासारखे वाटले.

एटीएसचे साहेब उकिडवे बसले.
फुग्यामागे माणूस असेल तर तो त्यांचा.
माणसामागे सीमेपलीकडचं कुणी असेल
तर दिल्लीहून दुसरे येतील, कागद घेऊन जातील.
आणि मागे फक्त वाराच असेल तर?
साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंचांची नावं लिहायला घेतली.

एक जण केव्हा आला ते कुणी पाहिलं नाही.
पायात चपला, पिशवीत मेथीची जुडी.
केराबाईंकडे पाणी मागितलं, तांब्याभर प्यायला,
पत्र्याकडे नाही, आमच्याकडे बघत राहिला.
आपण कोण, विचारलं तर म्हणाला, इथलाच.
ही माणसं अटक करत नाहीत, सही करत नाहीत,
वर कळवतात, बस्.
मी मेथी लिहिली आणि खोडली.

मग सगळे आपापल्या साहेबांशी फोनवर,
एकमेकांकडे पाठ करून.
मधोमध डबा. शेजारचा सातवीतला ओंकार
तो उलटा करून मोठ्यांदा वाचायला लागला :
हवामान खात्याचे उपकरण. निरुपद्रवी.
सापडल्यास कळवावे.

सिमला ऑफिसचा फुगा! हसले सगळे. राणीसुद्धा भुंकली.
कळवायचं कुणी, एवढंच ठरायचं राहिलं,
तोवर गाड्या निघाल्या.

केराबाई तेव्हा पहिल्यांदा बोलल्या.
मागच्या चैत्रात माझी बोरमाळ ओढली, हवालदार.
तुम्हीच होता टेबलावर.
ओढली रस्त्याच्या अल्याड, पोरं पळाली पल्याड,
तर तुम्ही म्हणालात, पल्याडच्या ठाण्यात जा.
ते म्हणाले, अल्याड.
चार खेपा घातल्या मी.
आज माझ्या दारात पाच गाड्या.

मी दोरा सोडवत होतो. सुटेना.
लुगड्यासकट जप्त करावं लागलं,
हिरवं, इरकली काठ, एका जागी रफू,
मुद्देमाल क्रमांक तीन.
आता हे कुणाच्या ताब्यात, त्यांनी विचारलं.
आमच्या, म्हणालो.
सकाळपासून हा शब्द कुणीच उच्चारला नव्हता.

पावती फाडून दिली. त्या काही म्हणाल्या,
पण वरून सुखोई गेलं, पत्रा थरथरला,
त्यांचे फक्त ओठ दिसले.
परत विचारायला हवं होतं.
पंचनाम्यात तेवढी ओळ कोरी आहे,
आणि हद्दीच्या रकान्यात
मी केराबाईंचा पत्ता लिहून ठेवलाय.