खाजण

सिलाच्या पुढे नकाशा पांढरा होता.
कप्तानसाहेबाने पट्टी ठेवून
तरीफपर्यंत एक रेघ ओढली, सरळ,
जणू जमीन त्याच्याच वहीतली.

दोन लॉऱ्या, अकरा पिंपं पेट्रोल, सात पाण्याची,
आणि मी, रघुवीर तांडेल, हर्णैचा,
मचव्याच्या इंजिनात हात काळे केलेला,
वाळूत पहिल्यांदाच.

चार दिवस टायरांनी शिकवलं:
हवा सोड, वाळू काप. दगड आले, हवा भर.
एका चाकाला हातपंपाचे तीनशे दट्टे.
रात्री बोटं मिटायची नाहीत,
तर हमद बिन सुवैदान खजूर थेट तोंडात कोंबायचा.
त्याला हिंदीतल्या शिव्या येत होत्या, मला अरबीतले आकडे.
तेवढ्यात भागायचं.

पाचव्या संध्याकाळी ते दिसलं.
सपाट, वर मिठाची पापडी.
कप्तान म्हणाला, हा बघा रस्ता!
मी उतरलो, टाचेने दाबलं.
पापडी मोडली, खालून वास आला
कुजट, खारा, ओहोटीचा.
अरे, हे तर खाजण!
अख्खं खाजण, फक्त भरती विसरलेलं.

हमद म्हणाला, सबखा.
मी म्हटलं, खाजण.
दोघांची बोटं एकाच बाजूला, दक्षिणेला.
दीड दिवसाचा वळसा.

पहिली लॉरी रेघेवरूनच गेली.
शंभरेक वाव गेली असेल,
मग मागची चाकं बसली, सावकाश,
म्हैस बसते तशी.

रात्रभर पत्रे, फळ्या, तंबूचं कापड,
शेवटी कप्तानाची घडीची खाटसुद्धा चाकाखाली.
रेडिएटर उकळला.
पाणी त्याला की आपल्याला,
हे कुणी मोठ्याने विचारलं नाही.
हमदने स्वतःची मशक सोडली,
गाडीच्या तोंडात ओतली,
तहानलेल्या उंटाशी बोलावं तसं काही पुटपुटत.

पहाटे गाडी निघाली. मागे.
कप्तानाने खोडरबर मागितलं.
कुणाकडेच नव्हतं.

आता तिथे डांबरी आहे म्हणे, तासा-दीड तासाची.
जाऊन आलेल्या पोरांना मी एवढंच विचारतो,
मध्येच कुठे गाडी जराशी खचल्यासारखी वाटते का?
नाही म्हणतात. काचा बंद असतात, गाणी चालू.

खाट काढायची राहिलीच.
असेल अजून, मिठात मुरलेली,
चारही पाय वर.