मागचे दोघे

ओर्लेमच्या चर्चमागे, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
दार उघडताच तुस्कानो म्हणाले,
"पाचांपैकी दोघंच बोलतात.
मधला आजारी असेल एक वेळ,
पण मागचे दोघे? जन्मापासून गप्प."

मागचा एक कपाटावर, करंदीच्या लोणच्याशेजारी.
दुसरा खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेला,
तोंड भिंतीकडे, शिक्षा झालेल्या पोरासारखं.
रिसीव्हर लॅमिंग्टन रोडचा, सेकंडहँड,
वर भाकरी शेकावी इतका तापलेला.
त्याच्या कपाळावर निळ्या अक्षरांत: स्टीरिओ.

मी म्हटलं, वायर.
दहातल्या नऊ घरांत वायरच असते.
ऑप्टिकल उपसली, टोक तळहातावर धरलं:
लाल ठिपका, मुंगीच्या डोळ्याएवढा.
यातूनच जातात दंगली, घोडे, विमानं.
तरी बदलली. जाड एचडीएमआय आणली,
टीव्हीमागे मान घालून, मोबाईलचा टॉर्च दातांत धरून
ए आर सी ही तीन बारीक अक्षरं शोधली
आणि त्याच भोकात खुपसली.
कपाळ तसंच. स्टीरिओ.

तुस्कानो भिंतीला टेकून उभे.
ना "किती वेळ लागेल", ना "कंपनीवाला तर म्हणाला होता".
अशा गिऱ्हाईकाची मला भीती वाटते.
एकदाच म्हणाले,
"सिनेमात आवाज कुठून निघतो ते मला माहीत आहे.
घरी येताना तो कुठे उतरतो, तेवढं शोधा."

मग रिमोट घेतला.
चित्र, उजळपणा, भाषा, मुलांसाठी कुलूप,
ध्वनी, त्यात प्रगत, त्यात डिजिटल आउटपुट,
आणि तिथे, सगळ्यात आतल्या खोलीत, पीसीएम.
म्हणजे पक्षीण पिल्लांना भरवते तसा
हा टीव्ही सहा धारा स्वतःच चावून
दोन मऊ घास पुढे करत होता.
मी बिटस्ट्रीम केलं.
म्हणजे, बाबा रे, गाठोडं सोडू नकोस,
जसं आलं तसं पुढे दे. सोडणारा पुढे बसलाय.

दोन सेकंद काहीच नाही.
रिसीव्हरच्या पोटात टक्.
कपाळावर पाच पॉइंट एक.

त्यांनी टीव्हीतलाच एक सिनेमा लावला,
एक तास बारा मिनिटांवर नेला, न चुकता.
बंद गिरणीच्या बोळात एक बाई, रात्र, खडी.
आणि कपाटावरून, लोणच्याच्या बाजूने,
कुणीतरी चालत निघालं खिडकीकडे.

तुस्कानोंचं पडद्याकडे लक्ष नव्हतं.
डोळे मिटलेले, पायांची बोटं हलत होती.
"ती बाई मी," म्हणाले, "मागचा माणूसही मीच.
तिची सँडल पाच नंबर, माझा पाय नऊ.
अंधेरीच्या तळघरात, पत्र्याच्या ट्रेमध्ये खडी पसरून,
पंखा बंद, कारण पंखा बोलतो.
आधी ती होऊन चाललो.
चहा घेतला.
मग तिच्या पाठलागावर निघालो.
थिएटरात एकदाच ऐकलं. नंतर सगळी वर्षं घरी
ती एकटीच चालायची, मागे कुणी नाही.
घाबरते कशाला, तेच कळायचं नाही."

स्वयंपाकघरात सॅबिनाबाई पाठमोऱ्या,
कोळंबी सोलत होत्या. वळल्याही नाहीत.
"एव्हरिस्ट," म्हणाल्या, "चपला बाहेर."

तुस्कानोंनी आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं.
मी बिलबुकाकडे.

तक्रार: मागचे दोघे गप्प.
खराबी: नाही.
वायर: निष्पाप, तरी बदलली.
सहाशे.

त्यांनी सातशे दिले.
"वरचे शंभर त्या खिडकीतल्याचे.
त्याला जरा माणसांत आणा."
सुतळीची गाठ जुनी, पावसात फुगून आवळलेली.
बोटांनी सुटेना.
दातांनी सोडवली.